घाटावरचे ठिपके आणि पटवर्धनांची वजनदार माणसं

ओलाकागद (धागाकर्ता)

मंडळी, विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नाशकात ज्याने म्हणून जलरंग हातात घेतले त्याने रामकुंड काढलेलं असतंच. शिवाजी तुप्यांसारख्या चित्रकारांनी इथले घाट, वाडे, गल्ल्या अशा रंगवून ठेवल्या आहेत की आजही रविवारी सकाळी नारोशंकराच्या देवळासमोर कोणी ना कोणी मांडीवर बोर्ड घेऊन बसलेला दिसतो. मीही त्यातलाच. या चित्रांत माणूस कसा काढायचा याची रीत ठरलेली आहे. बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) एक ठिपका, ते डोकं. त्याखाली केसभर जागा कोरडी सोडायची, तो खांद्यावरचा उजेड. मग ब्रश दाबून खाली ओढायचा आणि सुटता सुटता उचलायचा, म्हणजे धड आणि पाय एका दमात होतात. पावलं काढायची नाहीत. शेवटी अल्ट्रामरीनची (गडद निळ्याची) आडवी ओली सावली. झाला माणूस. जमला तर फार देखणा दिसतो, त्याबद्दल तक्रार नाही.

पण तो चित्रात असतो कशाला? देऊळ किती उंच आहे ते कळावं म्हणून. बाईच्या लुगड्याला लाल रंग दिला की करड्या दगडात एक चमक मिळते म्हणून. ती बाई कोण, दमली आहे का, ओल्या कपड्यांचं गाठोडं तिला जड होतंय का, याच्याशी चित्राला देणंघेणं नाही.

मध्यंतरी सुधीर पटवर्धनांची चित्रं सलग बघायला बसलो आणि त्यानंतर माझी घाटावरची ठिपक्यांची माणसं मलाच पोकळ वाटायला लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट. पुण्याच्या एएफएमसीतून (लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय) १९७२ ला डॉक्टर झाले आणि पुढे ठाण्यात २००५ पर्यंत प्रॅक्टिस केली. कलाशाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चित्रं मात्र पहिल्यापासून माणसांची. लोकलमधली, इराण्याकडे बसलेली, स्टेशनच्या पुलावरून चाललेली. १९८१ साली मुंबई-दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन झालं. त्यात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधरी, विवान सुंदरम, नलिनी मलानी यांच्याबरोबर हेही होते. सहाही जणांच्या शैली एकमेकांपासून लांब, पण माणूस आणि तो राहतो ती जागा हा आग्रह सगळ्यांचा एकच.

आता मुद्द्यावर. त्यांची १९७७ ते १९८१ च्या आसपासची माणसं बघा. 'इराणी रेस्टॉरंट', 'ट्रेन', 'ओव्हरब्रिज'. मान जाड, खांदे उतरलेले, हात शरीराच्या मानाने मोठे. चेहऱ्यावर फार काही लिहिलेलं नाही. कोणी रडत नाही, ओरडत नाही, मूठ आवळत नाही. तरी त्या माणसाने किती जागा अडवली आहे ते आपल्याला अंगावर जाणवतं. फ्रेंच चित्रकार सेझानचे पत्ते खेळणारे आठवले. १८९० च्या दशकातली ती चित्रं, समोर बसलेले त्याच्याच घरच्या शेतावरचे मजूर. तिथेही कोणी पत्ता आपटत नाही. कोट, कोपर, टेबल सगळं सारख्याच घट्टपणाने रचलेलं. पटवर्धनांवर सेझानचा संस्कार आहे हे त्यांनी स्वतः वेळोवेळी सांगितलेलं आहे. फ्रेंच चित्रकार लेजेचाही.

तर माझं म्हणणं असं. आधुनिक चित्रकार माणूस काढतो तेव्हा हुबेहूबपणा त्याच्या दृष्टीने दुय्यम असतो, हे सगळेच म्हणतात. मग मुख्य काय? निदान या चित्रकारापुरतं माझं उत्तर: वजन. शरीराचं वजन कुठे पडतंय, कशावर टेकलंय, कोण ते पेलतंय. भावना तिथूनच येते, चेहऱ्यातून येत नाही.

पटतंय का बघा. नाही पटलं तर झोडा.

---

एचबी_ते_सिक्सबी

आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

ठिपक्यांच्या माणसाचं मूळ शाळेतच आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचं स्मरणचित्र आठवा. विषय यायचा 'बाजार', 'बसथांबा', नाहीतर 'रंगपंचमी'. दोन तासांत मुलं काय काढणार? म्हणून आम्ही मास्तर लोक काही माणसं पाठच करून घ्यायचो. टोपली घेतलेली बाई, काठी टेकलेला म्हातारा, फुगेवाला, पाठमोरा सायकलवाला. विषय कुठलाही येवो, हीच मंडळी हजर. बाजारात म्हातारा डावीकडे, बसथांब्यावर उजवीकडे. साडेसात डोक्यांचं माप बिनचूक. 'ए' ग्रेड हमखास.

त्या म्हाताऱ्याची काठी जमिनीला टेकलेली असायची, पण त्याचा भार काठीवर कधीच नसायचा. नुसती हातात दिलेली. धागाकर्ते म्हणतात ते वजन हेच असावं.

पटवर्धनांच्या माणसांत साडेसात डोकी मोजायला जाऊ नका, हिशेब लागणार नाही. कुठे कोपरापासून पुढचा हात वाढलाय, कुठे मांडी आखूड झाली आहे. जिथे भार आहे तिथे चित्रकाराने आकार वाढवला आहे. याला विद्रूपीकरण म्हणणाऱ्यांनी एकदा खाली बसून, एक गुडघा उभा करून, त्यावर हात टेकवून स्वतःकडे बघावं. आपलं शरीर आपल्याला आतून साडेसात डोक्यांचं कधीच जाणवत नाही.

---

भटक्या_४२२००१

वाचनखूण साठवली. सविस्तर नंतर.

---

सरळसोट

झोडा म्हणालात म्हणून.

माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त होईपर्यंत लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर. मी लहानपणी डबा घेऊन गेलोय, त्यांना काम करताना बघितलंय. तुम्ही म्हणता तसा जड, उतरलेल्या खांद्यांचा, दगडी माणूस मी तिथे पाहिला नाही. वडील मशीनवर वाकायचे ते मांजरासारखे. हँडव्हीलवर अख्खा पंजा नसायचा, दोन बोटं. ती दोन बोटं मशीनची थरथर ऐकत असायची. कट जास्त बसला की कान आधी टवकारायचे, मग हात मागे यायचा. चिप (कातलेल्या धातूची साल) निळी पडली की डोळ्यांत एक चमक. अंग हलकं, तल्लख, पूर्ण जागं.

कामगार म्हटला की जाड मान, मोठे पंजे आणि मुका चेहरा, हा मध्यमवर्गाचा समज आहे. रशियन पोस्टरवर तो छाती काढून उभा असतो, आपल्याकडच्या चित्रांत खांदे पाडून. दोन्हीकडे तो ओझ्याचा बैल. डॉक्टरसाहेबांचा हेतू चांगला असेल, शंका नाही. पण एक्स-रे काढायला आलेला कामगार आणि मशीनवरचा कामगार यांत फरक असतो. पहिला दुखतंय म्हणून आलेला असतो.

कौशल्य कुठे आहे या चित्रांत? मला फक्त दमणूक दिसते.

---

एचबी_ते_सिक्सबी

सरळसोट, हा खरा प्रतिसाद. चिप निळी पडली की काय होतं ते मात्र सांगा, आम्हा खडूवाल्यांना कळू द्या.

---

सरळसोट

सर, कापताना उष्णता चिपबरोबर बाहेर पडते आणि स्टीलवर निळसर रंग चढतो. रंग बघून जुना टर्नर स्पीड आणि फीड (हत्यार पुढे सरकायचा वेग) कसे चाललेत ते ओळखतो. म्हणजे वडीलही रंगच बघायचे म्हणा.

---

ओलाकागद

सरळसोट, तुमचा आक्षेप बिनतोड आहे, पण नेम थोडा बाजूला लागतोय असं मला वाटतं.

पटवर्धनांच्या त्या काळातल्या चित्रांची ठिकाणं बघा. लोकलचा डबा, हॉटेल, पूल, रस्ता. मशीनवरचा माणूस त्यांनी फारसा काढलेलाच नाही. त्यांनी काढलाय तो शिफ्ट सुटल्यावरचा, नाहीतर शिफ्टला निघालेला. काम आणि घर यांच्या मधला. तिथे कौशल्य दाखवायला वाव नसतो. तिथे माणूस फक्त शरीर घेऊन उभा असतो. सातपूरहून संध्याकाळी सिटी बसमध्ये चढणारे लोक आठवा. लेथवर दोन बोटांनी मायक्रॉन पकडणारा माणूस बसच्या दांडीला मात्र अख्ख्या पंजाने लोंबकळतो.

त्यांची स्वतःची भूमिका तर अशी होती की ज्यांच्यावरून चित्र निघालं त्यांना त्यात स्वतःची प्रतिमा सापडली पाहिजे. गॅलरीत वाइन पिणाऱ्याला कणव वाटावी म्हणून ती काढलेली नाहीत. ते साधलं की नाही हे ठरवायला आपल्यापेक्षा तुमचे वडील जास्त लायक आहेत. दाखवा की त्यांना.

---

दीडकोटी

ज्याचं त्याचं बघणं. २००२ ला चित्रकार तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन' हे चित्र लिलावात दीड कोटीला गेलं तेव्हापासून सगळ्यांनाच हातपाय तुटलेल्या माणसांत अर्थ दिसायला लागला. आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचा हात असा झाला तर गिऱ्हाईक परत करतं. (हलके घ्या.)

---

धप्पा

दीडकोटी, हलके घेतले, पण तय्यबचं नाव काढलंत म्हणून लिहितो.

जुन्या नाशकात वाढलेल्यांना रहाड माहीत आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो. रस्त्यात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद, पेशवेकाळापासूनचा. वर्षभर बुजवून ठेवतात, वरून गाड्या जातात, कळतही नाही. रंगपंचमीला उघडायचा, पूजा करायची, रंगाने भरायचा आणि वरून उडी. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनिचौक, तांबट लेन, प्रत्येक रहाडीचा मान वेगळा, रंगही ठरलेला. उडी मारणारा पाण्यावर आदळला की जो आवाज होतो आणि कडेच्या लोकांच्या अंगावर जो रंग उडतो, तो धप्पा.

काठावर उभं राहून बघा. उडी मारलेला माणूस हवेत असतो त्या क्षणी त्याच्या अंगाचे तुकडे झालेले असतात. डोकं एकीकडे, पाय भलतीकडे, हात कुठे आहे ते कळत नाही. सुंदर अजिबात दिसत नाही. फोटो काढला तर हमखास वेडावाकडा येतो. तय्यबच्या 'फॉलिंग फिगर' (पडणारा माणूस) मालिकेत हेच शरीर आहे, फक्त तिथे आनंद नाही. फाळणीच्या दंगलीत त्यांनी मुंबईत मोहम्मद अली रोडवर खिडकीतून जमावाने एका माणसाला मारताना पाहिलं, ते त्यांच्या डोक्यातून आयुष्यभर गेलं नाही. पाय बांधून पाडलेला त्यांचा बैलही त्याच घराण्यातला.

आता धागाकर्त्यांच्या सिद्धांताला माझी पाचर. १९६८ ला तय्यब न्यूयॉर्कला जाऊन आले, तिथे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनचे नुसत्या सपाट रंगाचे कॅनव्हास बघितले, आणि परत आल्यावर त्यांच्या चित्रांतली छायाप्रकाशाची गोलाई गेली. सपाट रंग, एक तिरकी रेघ चित्र चिरत जाणारी, आणि कापून ठेवल्यासारखे अवयव. गोलाई नाही म्हणजे घनता नाही. तरीही माणूस पडतोय हे पोटात जाणवतं. म्हणजे वजन दाखवायला सेझानसारखी बांधणी लागतेच असं नाही. रेघ तिरकी केली तरी पुरतं.

---

ओलाकागद

धप्पा, पाचर कसली, तुम्ही तर माझीच बाजू भक्कम केलीत. तय्यबचा रिक्षावाला घ्या. माणूस कुठे संपतो आणि रिक्षाची दांडी कुठे सुरू होते ते कळू नये असा तो काढलाय. ओझं वेगळं दाखवायची गरजच उरली नाही. मी घनता म्हणालो नव्हतो, वजन म्हणालो होतो.

---

धप्पा

सोयीने म्हणालात. चालायचंच.

---

त्रिरश्मीच्या_पायऱ्या

वजनाचा विषय निघालाय आणि पांडवलेण्यांचं नाव कोणी काढेना, म्हणून आलो.

लेणं क्रमांक ३, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने दिलेलं. पायऱ्या चढून गेल्यावर सगळे मान वर करून खांबांवरचे प्राणी बघतात. खाली बघा. ओसरीच्या पुढच्या भागाखाली सहा यक्ष आहेत. जमिनीतून अर्धेच वर आलेले, आणि तुळयांची टोकं त्यांच्या खांद्यांवर. म्हणजे शिल्पकाराने दाखवलंय असं की सबंध विहार या सहा जणांनी उचलून धरलाय. खरं तर सगळा एकच कातळ आहे, कोणी काही उचललेलं नाही. तरी बुटक्या, रुंद, मानेला जागाच न ठेवलेल्या त्या अंगांकडे बघून आपल्याच खांद्यांत रग येते. चेहरे बरेच झिजलेत. त्याने बिघडत नाही, कारण काम चेहऱ्यांनी केलेलंच नव्हतं.

१८०० वर्षांहून जुनं आहे हे. तेव्हा 'आधुनिक' शब्द जपून वापरा.

---

एचबी_ते_सिक्सबी

क्या बात. वर्षानुवर्षं सहली नेल्या तिथे, मुलांना यक्ष स्केच करायलाही लावले. आता वाटतं चेहऱ्यांऐवजी फक्त खांदे काढायला लावले असते तर जास्त शिकली असती.

---

मिसळप्रेमी

पांडवलेण्यांवरून उतरल्यावर मिसळ कुठे खायची, यावर एक वेगळा धागा काढावा काय?

---

संपादक

काढा. पण वेगळाच काढा.

---

छापखाना_क्वार्टर्स

वेगळा कोन. आम्ही नाशिकरोडच्या प्रेसवाले. वडील नोटांच्या छापखान्यात होते, तो १९२८ सालापासूनचा. घरात चित्रकला कोणाला येत नव्हती, पण वडिलांना भिंग घेऊन नोट बघायचा नाद. ते आम्हाला दाखवायचे की नोटेवरच्या चेहऱ्यात सावली अशी भरलेली नसतेच. नुसत्या रेघा आणि ठिपके. गाल जिकडे वळतो तिकडे रेघ वळते, खोल जागी जाड होते, कपाळावर तुटत जाते. छपाईत ती रेघ कागदावर उठून येते, बोटाला लागते.

१९९६ पासूनच्या नोटांवरचा गांधीजींचा चेहरा मूळ फोटोवरून घेतलेला आहे, पण फोटोत रेघा नव्हत्या. त्या कोरणाऱ्याने ठरवल्या. गोलाई कशी सांगायची याचा असा हिशेब रोज सगळ्यांच्या खिशात असतो आणि कोणी बघत नाही. बाकी तुमच्या चर्चेतलं मला फार कळत नाही, चालू द्या.

---

मांडवाखाली

निफाड तालुक्यातून. द्राक्षबाग आहे घरची.

सगळे प्रतिसाद वाचले. टर्नर आला, रिक्षावाला आला, यक्ष आले, गांधीजी आले. बाई आली ती धागाकर्त्यांच्या घाटावर लाल लुगड्यापुरती आणि सरांच्या टोपलीपुरती. एवढं नोंदवून पुढे लिहिते.

आमच्याकडे विरळणीच्या दिवसांत बायका सकाळपासून मांडवाखाली असतात. घड डोक्याच्या वर. मान मागे, दोन्ही हात वर, एका हाताने घड धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या कात्रीने आतले मणी कमी करायचे. उरलेल्या मण्याला कात्रीचं टोक लागता कामा नये, डाग पडला की माल एक्स्पोर्टमधून बाद. डिपिंगलाही तेच, औषधाचा मग वर धरून प्रत्येक घड बुडवायचा, आणि ते औषध कोपरावरून ओघळत काखेत येतं. संध्याकाळी हात खाली घ्यायचे म्हटलं तरी खांदे ऐकत नाहीत. बायका मग एका हाताने दुसरा हात धरून खाली आणतात. मी स्वतः केलंय.

या उभं राहण्याचं चित्र मी कुठे पाहिलेलं नाही. चित्रातली कष्टकरी बाई म्हटली की कमरेवर घागर, नाहीतर डोक्यावर भारा, आणि कमरेला छान बाक. भार दाखवायच्या निमित्ताने बाक दाखवायचा असतो. आमच्या बाईच्या डोक्यावर काहीच नसतं. ओझं उचललेलं नसताना हात जड होतात. हे तुमच्या वजनाच्या सिद्धांतात कुठे बसतं, सांगा.

आणि सरळसोट, तुमच्या वडिलांची दोन बोटं वाचून छान वाटलं. कात्रीही दोन बोटांतच असते.

---

ओलाकागद

मांडवाखाली ताई, नीट बसतं, आणि मी मांडलं होतं त्यापेक्षा जास्त चांगलं. स्वतःच्याच हाताचं वजन. सेझान काय, पटवर्धन काय, कोणीच ही अवस्था काढलेली माझ्या बघण्यात नाही. खालून वर बघत काढावं लागेल. हनुवटीची खालची बाजू, गळ्याच्या ताणलेल्या शिरा, काखा, आणि चेहरा जवळजवळ दिसणारच नाही, पानांची सावली त्यावर. अवघड आहे. आमच्या ब्रशच्या फटकाऱ्याने तर होणारच नाही, कारण आमचा फटकारा वरून खाली येतो.

---

ठाण्याचा_पाहुणा

मी नाशिककर नाही, सासुरवाडी नाशिकची, तेवढ्या हक्कावर लिहितो.

मुंबईच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) २०१९ च्या अखेरीस पटवर्धनांचं मोठं सिंहावलोकन भरलं होतं, नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं. ते बघितलं. तुम्ही सगळे १९८० च्या आसपासच थांबलात, पुढचं बघितलं तर सरळसोट यांच्या आक्षेपाचं थोडं उत्तर मिळतं आणि थोडा तो जास्त टोकदार होतो.

सुरुवातीला एक माणूस कॅनव्हास भरून असतो. मग १९८४ च्या 'टाउन'पासून शहर पसरायला लागतं. टेकडी, झोपड्या, रस्ता, सगळं वर चढत जातं आणि माणसं त्यात वाटली जातात. २००१ च्या 'लोअर परळ'मध्ये तर पूल, गिरण्या, नवे टॉवर एकाच नजरेने बघता येत नाहीत. कुठे आपण वरून बघतोय, कुठे समोरून, कुठे पुलाच्या पातळीवर. उभा राहायला एक जागा मिळत नाही. आणि माणसं? लहान झाली. जे वजन आधी खांद्यात होतं ते काँक्रीटमध्ये गेलं. गिरण्या बंद पडल्यावर त्या शरीरांचं काय झालं, हे त्या लहान होण्यात मला दिसलं. पुढे घराच्या आतली चित्रं येतात, म्हातारपण, कुटुंब. तिथे माणूस परत जवळ येतो, पण आता तो सैल आहे, खुर्चीने धरून ठेवलेला.

ठाण्यात राहिलेल्याला ही माणसं ओळखीची वाटतात हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पोखरण रोडवर 'पोखरण' चित्रातला उतार आजही शोधता येतो, इमारती मात्र चौपट झाल्या.

आणखी एक. दिवसभर माणसाच्या आतली हाडं बघणारा हा चित्रकार. दुसरा कोणी असता तर चित्रात फासळ्या, कवट्या, पारदर्शक शरीरं आली असती, टाळ्याही मिळाल्या असत्या. यांनी बहुतेक चित्रांत माणूस बंदच ठेवला. कातडी, शर्ट, त्याखाली भरीव काहीतरी. दवाखान्यात जे उघडायचं ते चित्रात झाकायचं. मला यात पेशंटची राखलेली अब्रू दिसते.

---

सरळसोट

वडिलांना दाखवलं. टॅबवर 'ट्रेन' आणि 'ओव्हरब्रिज' मोठं करून. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देतो, माझी भर नाही:

'गर्दी खरी आहे. पण एवढ्या माणसांत एकाच्याही हातात डबा नीट दिसत नाही. आम्ही डबा सोडत नव्हतो.' मग बराच वेळ बघून: 'मानेचं बरोबर आहे. दुसरी पाळी करून आलं की मान अशीच होते. हा माणूस बसून काम करणारा नाही.'

मी विचारलं, यात तुम्ही आहात का? म्हणाले, 'मी कशाला असेन, माझी बस होती.'

ठाण्याचे पाहुणे, अब्रूचा मुद्दा चांगला आहे. पण झाकलेल्या माणसाला कसब नसतं असं चित्र बघणाऱ्याला वाटू नये, एवढंच माझं मागणं, आणि ते मी सोडत नाही.

---

दीडकोटी

काकांना साष्टांग. समीक्षक म्हणून नेमा त्यांना.

---

नवखी_रेघ

मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रविवारी घाटावर येते. चर्चा भारी आहे पण एक बावळट प्रश्न. उद्या स्केचबुक उघडल्यावर मी नेमकं काय वेगळं करू?

---

एचबी_ते_सिक्सबी

बावळट अजिबात नाही, बाळा. इतक्या प्रतिसादांत कामाचा प्रश्न हा एकच.

जलरंग घरी ठेव. कोळसा नाहीतर जाड पेन्सिल घे, म्हणजे रेघ गोंडस होणार नाही. रविवारी नको येऊस, बुधवारी ये, गोदाघाटावर बाजार भरतो तेव्हा. उभ्या माणसापासून सुरुवात कर. गळ्याच्या खळगीतून खाली ओळंबा सोडलाय असं समज आणि तो कुठे येतो बघ. एका पावलावर आला तर सगळा भार त्या पायावर आहे. त्या बाजूचं कुल्लं वर गेलेलं असणार, खांदा खाली. दोन पावलांच्या मधे आला तर भार वाटलेला आहे. दोन्ही पावलांच्या बाहेर गेला तर तो माणूस एक तर पडतोय, नाहीतर कशाला तरी टेकलाय, आणि ते 'कशाला तरी' चित्रात आलंच पाहिजे. आधी ते पाऊल काढ, मग बाकीचं. आपल्याकडे डोक्यापासून सुरुवात करतात आणि पावलांपर्यंत येईतो कागद संपतो.

मग भाजीवाल्या मावशींकडे वळ. त्या एक गुडघा उभा करून बसतात आणि त्याच गुडघ्यावर कोपर टेकवून तागडी धरतात. उगीच नाही, तसं धरलं की दिवसभर हात भरून येत नाही. शरीराने काढलेला हिशेब आहे तो. सरळसोट ज्याला कसब म्हणतात ते तिथे आहे. ते दिसलं की कागदावर आण, नाक-डोळे नाही काढलेस तरी चालेल.

---

मांडवाखाली

सर, एक भर घालू? काढायच्या आधी मावशींना विचारायला सांगा. आमच्या बागेत एकदा कॅमेरेवाले आले होते, बायकांना न विचारता फोटो काढून गेले. हात वर असताना पदराकडे लक्ष देता येत नाही. नंतर बायकांत त्यावर बरंच बोलणं झालं. चित्र काढणाऱ्यालाही ते लागू आहे. दिवसभर अंग वापरून दमलेल्या बाईला आपल्याला कोणीतरी निरखतंय हे कळलं की ती आवरून बसते, आणि मग तुमची ती खरी बैठक गेलीच. पण म्हणून न सांगता काढायचं का?

---

ओलाकागद

हा पेच खरा आहे. विचारलं तर बैठक मोडते, न विचारता काढणं मलाही पटत नाही. ठिपका काढत होतो तोवर हा प्रश्नच आला नव्हता, ठिपक्याची परवानगी कोण मागतो? माझ्यापुरता तोडगा असा की आधी सांगायचं, भाजी घ्यायची, आणि मग तिथेच बसून राहायचं. पहिली पानं वाया जातात. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की मावशी आपल्याला विसरतात, गुडघा परत वर येतो.

---

एचबी_ते_सिक्सबी

आणि काढून झालं की दाखवायचं, नवखी_रेघ. मावशी म्हणतील, 'माझं नाक कुठंय?' तेव्हा उत्तर तयार ठेव.

---

नवखी_रेघ

बुधवारी येते, सर. किती वाजता भेटायचं? नारोशंकराजवळ की गाडगे महाराज पुलाखाली?

---

एचबी_ते_सिक्सबी

पुलाखाली, सावली असते. आठच्या आत ये, नंतर बसायला जागा मिळत नाही.